आमसुलं संपली तेव्हा

आमसुलं संपली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. वेंगुर्ल्याहून लेकीकडे पोर्तुगालला निघताना चांगली पाव किलो बांधून घेतली होती, पण लेकीने आपल्या दोस्तमंडळींना दोनदा सोलकढी पाजली आणि डबा तळाला गेला. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं शेगडीवर होतं. तिरफळं घातली होती, मिरची वाटून झाली होती, आंबट तेवढं नव्हतं. चिंच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. लिंबं टोपलीभर होती, पण उकळत्या कालवणात लिंबू पिळलं की कडवट होतं. टोमॅटो माशात घालायचा नाही, हा माझ्या सासूबाईंचा दंडक. त्या जाऊन अकरा वर्षं झाली तरी पाळते. लेक म्हणाली, “आई, आज बिनआंबटाचं खाऊ.” ही पोर नऊ वर्षं घराबाहेर आहे, हे त्या एका वाक्यात मला दिसलं.

जेवायला खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई यायच्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, विधवा, गुडघे कुरकुरतात तरी जिना चढून येतात. त्यांना सगळे ‘दोना’ म्हणतात, आपल्याकडे ‘बाई’ म्हणतात तसं. त्या आल्या त्याच एक थंडगार हिरवी बाटली काखोटीला मारून. आता ही बाटली माझ्या ओळखीची होती. दहाएक दिवसांपूर्वी लेकीने तीच आणली होती, साडेतीन युरोंना, आणि आमसुलं घातलेल्या बांगड्याच्या कढीसोबत मी तिचे दोन घोट घेतले होते. काही जमलं नव्हतं. फिकं, पाणचट, सरबतात साखर घालायची राहून गेली असं. ‘तुमची वाइन तुम्हाला लखलाभ’ म्हणून मी पेला बाजूला सारला होता.

या वेळी बिनआंबटाच्या तिखल्याचा घास घेतला, तिखट जिभेवर चढलं, आणि दोनांच्या आग्रहाखातर एक घोट. कालवणात जे नव्हतं ते पेल्यातून आलं. तीच बाटली, तोच बांगडा. मी लेकीकडे पाहिलं तर तीही माझ्याकडेच बघत होती.

मग हे काय झालं ते तिच्याकडून समजून घेतलं, कारण ती रसायनशास्त्रातली. जेवणात आंबट भरपूर असलं की जीभ आंबटाला सरावते आणि पेल्यातला आंबटपणा तिला जाणवतच नाही. उरतं ते पाणी. आमसुलाने माझ्या जिभेवरची ती खुर्ची आधीच अडवून ठेवली होती. ती रिकामी झाल्यावर वाइन येऊन बसली. एवढं साधं.

या वाइनचं नाव विन्यो व्हेर्द. शब्दशः ‘हिरवी वाइन’. बरेच जण रंगाच्या आशेने बाटली उघडतात आणि आत लिंबाच्या सालीइतका फिकट पिवळा रस बघून हिरमुसतात. पोर्तुगीजांचा हिरवा आणि आपला हिरवा मात्र एका जातीचा आहे. आपण ओल्या लाकडाला हिरवं लाकूड म्हणतो, न भाजलेल्या मसाल्याला हिरवा वास येतो म्हणतो, तसं ‘व्हेर्द’ म्हणजे कोवळं, न मुरलेलं. त्याच्या उलट ‘मादुरो’, पिकलेलं. तिथल्या साध्या खानावळीत वाइन मागितली की अजूनही विचारतात, हिरवी की पिकलेली? दोनांच्या मते ही वाइन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपवायची. कपाटात ठेवून तिचं काही भलं होत नाही.

ती होते कुठे, तर पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यो नदीपासून दक्षिणेला दोरू नदीच्या पलीकडे थोडं. स्पेनची हद्द वर, अटलांटिक डावीकडे. १९०८ मध्ये या प्रदेशाच्या सीमा कायद्याने आखून दिल्या, म्हणजे बाहेर बनवलेल्या वाइनला हे नाव लावायचं नाही. पाऊस एवढा की ब्रागा शहराला इतर पोर्तुगीज लोक ‘आभाळाचं मूत्रपात्र’ म्हणतात. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या दुप्पट आमच्या वेंगुर्ल्यात पडतो, हे मी दोनांना सांगितलं तेव्हा त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

पण खरी गंमत शेतात कळली. जूनमधल्याच एका रविवारी दोना आम्हाला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या, पोंत द लिमाच्या जवळ एका खेड्यात. द्राक्षमळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमचं नाशिक, रांगेत मांडलेल्या बागा. इथे रांग कुठे? जमिनीचे तुकडे एवढे लहान की बांध ओलांडता ओलांडता भावकी आठवावी. मधोमध मका, त्याच्या पायाशी घेवडा, कडेला कोबीची उंच उंच झाडं. आणि द्राक्षं वर. ग्रॅनाइटच्या दगडी खांबांवर मांडव घालून, पायवाटेच्या डोक्यावरून, ओढ्याच्या काठाने. आणि मांडव नाही तिथे सरळ झाडावर. एका जुन्या ओकच्या बुंध्याला मनगटाएवढा वेल विळखा घालून वर गेलेला आणि फांद्याफांद्यांतून बारके हिरवे घोस लोंबत होते. या पद्धतीचं तिकडचं नाव आहे ‘एन्फोर्कादो’, फाशी दिलेला. मी मात्र ते बघितलं आणि मला आमची पोफळीची बाग दिसली, प्रत्येक पोफळीवर मिरीचा वेल चढवलेली. जागा एक, पिकं दोन, वरचं खालच्याच्या आड येत नाही.

दोनांच्या बोलण्याचा लेक अनुवाद करत होती, त्यात निम्मं गळत असणार. तरी समजलं ते असं. मधली चांगली जमीन पोटाला. मक्याची भाकरी, तिला ब्रोआ म्हणतात, ती रोजची. द्राक्षासाठी सपाट जमीन खर्ची घालणं परवडत नसे. म्हणून वेल कडेला आणि वर. शिवाय पाऊस आणि दमट हवा. घोस जमिनीलगत ठेवला की बुरशी धरते, वर ठेवला की वारा लागतो. पण वर पानांच्या गर्दीत ऊन कमी पोचतं. द्राक्ष पुरतं पिकत नाही, साखर कमी भरते, आंबट जास्त राहतं. साखरेची दारू होते, तेव्हा साखर कमी म्हणजे दारूही कमी. बाकीच्या पोर्तुगालमध्ये तेरा-साडेतेरा टक्क्यांची वाइन सहज होते, इथली नऊ-दहा-अकरावर थांबते. म्हणजे ज्या आंबट, हलक्या चवीची आज जगभर तारीफ होते, ती कुणा वाइनवाल्याने बेतलेली नव्हती. दोन गुंठे जमीन आणि घरात खाणारी आठ तोंडं यांनी ती ठरवली होती.

दोना लहानपणी शिडीवर चढायच्या. शिडी एवढी लांब की ती उभी करायलाच दोन गडी लागत. टोपलीला आकडा, ती फांदीला अडकवायची, भरायची, दोरीने खाली सोडायची. मुलींनी झाडावर चढताना गाणं म्हणायचं. का? तर गाणाऱ्या तोंडात द्राक्षं जात नाहीत, असं त्यांचे वडील म्हणत. (आमच्या आजोबांनी काजू सोलणाऱ्या बायकांबद्दल असलंच काहीतरी म्हटलेलं मला आठवतं. मालक इथूनतिथून सारखे.) १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, पैसा आला आणि बहुतेकांनी वेल झाडांवरून उतरवून तारांवर घेतले. आता ऊन नीट लागतं, वाइन पूर्वीइतकी दात आंबवत नाही. ती पूर्वीची कशी होती, विचारलं तर दोनांनी एक डोळा मिटून तोंड असं वाकडं केलं की अनुवादाची गरज पडली नाही.

त्यांच्या माहेरच्या बाजूला जे द्राक्ष जास्त लावतात त्याचं नाव लोरेइरो. लोरेइरो म्हणजे त्यांच्याकडचं तमालपत्राचं झाड. द्राक्षाला त्या पानाचा आणि लिंबाच्या मोहराचा वास असतो म्हणून. मसाल्याच्या डब्यातलं आपलं तमालपत्र हे त्याच कुळातलं, पण झाड वेगळं. मी पेला नाकाशी धरून पुष्कळ हुंगलं. मोहर सापडला, पान नाही सापडलं. असो.

पोंत द लिमाला नदीकाठी रोमन सैनिकांचे पुतळे उभे केलेत आणि पलीकडच्या काठावर त्यांचा सेनापती, घोड्यावर. गोष्ट अशी सांगतात की ही लिमा नदी म्हणजे पुराणातली विस्मरणाची नदी, ओलांडली की घरदार, गाव, नाव सगळं विसरायला होतं, अशी सैन्याची समजूत होती. कुणी पाण्यात उतरेना. तेव्हा सेनापती देसिमुस ज्युनियस ब्रूटस एकटा पलीकडे गेला आणि तिथून एकेकाला नावाने हाक मारली. लेकीला मी विचारलं, तू कुठल्या काठावर आहेस? ती म्हणाली, “आई, तू पुलावरून चल, ऊन लागेल.”

आता खाण्याचं. त्यासाठीच तर हा खटाटोप.

२३ जूनच्या रात्री पोर्तोमध्ये संत जॉनचा उत्सव असतो. गल्लीबोळात विस्तव पेटवून सार्डिन भाजतात. म्हणजे आपले पेडवे किंवा तारली, फक्त अंगाने थोराड. लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतात, का ते कुणालाच धड सांगता येत नाही. मलाही चार बसले. घरोघरी एक बारक्या पानांचं तुळशीच्या जातीचं रोपटं कुंडीत आणतात, त्याचं नाव मांजेरिको. माझ्या कानाला ते मंजिरीच वाटलं. त्या रोपट्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, कोमेजतं म्हणतात. तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. हे मला फार आवडलं.

सार्डिनला ते खवल्यांसकट नुसतं जाडं मीठ लावतात. हळद नाही, तिखट नाही. एका जाड ब्रोआच्या तुकड्यावर ठेवून देतात, आणि माशाची चरबी वितळून भाकरीत झिरपते. संत जॉनला सार्डिन भाकरीवर गळते, अशी म्हणच आहे त्यांची, कारण याच दिवसांत मासा चरबीने भरतो. (त्याच दिवसांत आमच्या होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद.) मासा खाऊन झाला की शेवटी ती भिजलेली भाकरी. तोवर ओठ, बोटं, मनगटं तेलकट. इथे विन्यो व्हेर्दचा घोट म्हणजे भांडं घासताना चिंचेचा बोळा फिरवावा तसा. जीभ लख्ख. पुढचा मासा पुन्हा पहिल्यासारखा लागतो, आणि हाच मोठा धोका. मी सात खाल्ले.

घोटात एक बारीक चुणचुणही असते, मुरलेल्या ताकाला येते तशी. तिला ते ‘अगुल्या’, म्हणजे सुई, म्हणतात. पूर्वी बाटलीत भरल्यावर वसंतात वाइन आतल्या आत पुन्हा थोडी फसफसायची, त्यातून ती यायची. आता स्वस्त बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा वायू वरून सोडतात. चांगल्या बाटल्यांत तर सुई जवळजवळ नसतेच. मला विचाराल तर सुई असलेलीच बरी. तळलेल्याबरोबर तिचा उपयोग होतो. तिकडे खारवलेल्या बाकाल्यावचे, कॉड माशाचे, पिठात बुडवून तळलेले चपटे वडे मिळतात, पातानिश्कास नावाचे. ते आणि ही वाइन. लेकीकडे परत आल्यावर मी कोथिंबीर वड्या तळल्या, त्यांच्याबरोबरही हेच. दोनांनी सहा वड्या रुमालात बांधून नेल्या.

कोथिंबिरीवरून आठवलं. युरोपात आपल्यासारखी हिरवी कोथिंबीर हाताने सढळ घालणारे लोक विरळा, आणि पोर्तुगीज त्यातले. तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, त्यांचा एक प्रकार आहे: ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, त्यात तिसऱ्या, झाकण, तोंडं उघडली की मूठभर कोथिंबीर आणि लिंबू. बास. नाव ‘बुल्याँव पातो’, एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीचं. कवीच्या कविता आता कोण वाचतं ठाऊक नाही, तिसऱ्या मात्र रोज शिजतात. आमच्या एकशिपीत खोबरं असतं, मसाला असतो, तिसरीची स्वतःची खारट चव त्यात दबते. यांच्यात ती मोकळी राहते. वाट्याच्या तळाशी राहिलेला रस पावाने पुसून घ्यायचा. पाव हा शब्दही त्यांचाच, तेव्हा संकोच नको. शब्दांचं तर काय सांगू, पोर्तोसमोर नदीपलीकडे पोर्ट वाइनची गोदामं आहेत, तिथे एवढाल्या लाकडी ‘पिपा’ ओळीने ठेवलेल्या पाहिल्या आणि अंगणातलं आमचं पाण्याचं पिंप आठवलं. तो शब्द आमच्याकडे वाइनसकट आला असणार, वाइन गेली आणि पाणी राहिलं.

तिखटाबरोबर वाइन जात नाही, असं मी पुष्कळ ठिकाणी ऐकलं होतं. अर्धं खरं आहे. दारू आणि मिरची दोघीही जिभेवर उष्णता ओळखणारी जी एक जागा असते तिलाच जाऊन टोचतात, म्हणून जास्त दारूची वाइन तिखट आणखी भडकवते. इथे दारूच कमी, त्यामुळे आग वाढत नाही. नारळाच्या रसातल्या जाडसर कालवणाला मात्र लोरेइरो पुरी पडत नाही, खोबऱ्यात बुडते. त्यासाठी अल्व्हारिन्यो. हे द्राक्ष मिन्यो नदीच्या काठी मोंसाँव आणि मेल्गासो या दोन गावांच्या परिसरात होतं. डोंगर समुद्राचा वारा अडवतात, ऊन जास्त, म्हणून द्राक्ष नीट पिकतं. अंगात दम असतो, दारूही साडेबारा-तेरापर्यंत जाते. नदीपलीकडे स्पेनमध्ये त्याच द्राक्षाला अल्बारिन्यो म्हणतात आणि दोघं आपापला दावा सांगतात. किंमत दुप्पट-तिप्पट. सुरमईच्या कढीबरोबर मला ती फार चांगली लागली, तरी सांगते, अल्व्हारिन्यो म्हणजे जावई. ताट मांडायला लागतं. लोरेइरो घरातली, ओट्याशी उभं राहून प्यायची.

हिरव्या वाइनमध्ये लालही असते हे ऐकून आणखी गोंधळ होईल, पण असते. व्हिन्याँव नावाच्या द्राक्षाची. त्याचा गरसुद्धा रंगीत. पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात पितात, वाडग्याला जांभळा रंग चढतो आणि जिभेलाही, जांभळं खाल्ल्यासारखा. घसाही तसाच धरतो. लाल वाइनने मासा हिमूस लागतो, आणि त्याला वाइनमधलं लोह कारण, असं जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. दोनांचे भाऊ तीच लाल सार्डिनबरोबर पितात आणि त्यांना काही होत नाही. मी डुकराच्या मांसाबरोबर चाखली, तिथे ती शोभली. माशाबरोबर नको.

आणि गोडाबरोबर कुठलीच नको. कस्टर्ड भरलेल्या त्यांच्या त्या प्रसिद्ध टार्टनंतर मी एक घोट घेतला, तर वाइन एकदम नुसती आंबट, उघडी पडल्यासारखी. तेव्हा पुरणपोळीचा विचार मनातसुद्धा आणू नये.

जुलैअखेर परतताना दोनांनी एक बाटली दिली. साड्यांत गुंडाळून आणली. ह्यांनी ती बघितली आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायला निघाले, लेक आली की उघडू म्हणून. मी म्हटलं, ती लोणचं नव्हे मुरायला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि पहिले बांगडे घरात आले त्या दिवशी मी बाटली फ्रिजमध्ये टाकली. तिखलं केलं. डबा भरलेला होता, या वर्षीची आमसुलं, काळीभोर, अजून ओलसर. हात आपोआप डब्याकडे गेला. मग मी तिखल्याचे दोन भाग केले आणि एकात आमसुलं घातली नाहीत.

ह्यांनी स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला. ह्यांची वाइन म्हणजे पूर्वी गोव्याच्या सहलीत चाखलेली गोडमिट्ट लाल पोर्ट वाइन. भुवया वर गेल्या.

“गोड नाही ही?”

“नाही. आता हा घास घ्या, आणि त्याच्यावर घोट.”

घास घेतला, चावला, थांबले. “अगं, तिखल्यात आमसूल घालायला विसरलीस.”

“घोट घ्या.”

घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर आमसुलं घातलेलं दुसरं वाडगं हळूच आपल्याकडे ओढलं, आणि पेलाही.